शहराच्या कार्यालयात दोन भाषांतलं जनसंपर्काचं काम : मसुदा आधी मराठी की इंग्रजी?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शहर प्रशासनाच्या एका कार्यालयात मानधनावर जनसंपर्काचं काम करते. कार्यालय कोणतं ते विचारू नका, ओळखलंत तर इथे लिहू नका. प्रेसनोट, जाहीर प्रकटन, सोशल मीडिया, वेबसाइटवरच्या सूचना, साहेबांची भाषणं आणि वर जाणाऱ्या अहवालांतल्या 'यशोगाथा' हे सगळं दोन्ही भाषांत करायचं. घरच्यांना वाटतं मी दिवसभर भाषांतर करते.

धागा काढायचं कारण म्हणजे या कामाचा उलटा क्रम. खात्याकडून मजकूर येतो तो निम्मा इंग्रजीत, कारण अभियंत्याची टिपणी सल्लागार कंपनीच्या अहवालातून उचललेली असते. त्याचा इंग्रजी मसुदा होतो. खातेप्रमुख बघतात, उपायुक्त बघतात, दोन स्वल्पविराम इकडचे तिकडे होतात, सही होते. मग संध्याकाळी साडेपाचला तो माझ्या टेबलावर येतो : "याचं मराठी करून टाका पटकन, पेपरवाले थांबलेत." मूठभर लोक वाचणार त्या मजकुरावर सह्या, आणि गावभर जाणारा मजकूर माझ्याखेरीज कुणी डोळ्यांखालूनही घातलेला नाही.

पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना घ्या. इंग्रजी मसुदा योजनेच्या नावाने सुरू होतो, मग जलवाहिनीचा व्यास, मग गळतीचं कारण, आणि अगदी तळाशी भागांची यादी. तसंच मराठीत उतरवलं की पाच ओळींचं वाक्य होतं आणि क्रियापदापर्यंत पोचेतो माणूस दमतो. राजारामपुरीतल्या बाईला हवं असतं ते असं : माझ्या गल्लीला उद्या पाणी आहे का, नसेल तर कधी येणार, टँकर कुठं थांबणार. मराठी आधी लिहायला घेतलं की हे प्रश्न खात्याला विचारावेच लागतात. इंग्रजीत 'शहराच्या विविध भागांत' म्हणून वेळ मारून नेता येते. (मराठीतही येते म्हणा, पण मग फोन मला येतात.)

तर माझं म्हणणं एवढंच : मंजुरीला मराठी मसुदा जावा. इंग्रजी लागेल तिथे लागेलच, पण ती तिच्या वाचकासाठी वेगळी लिहावी. दोन्ही मजकूर ओळीला ओळ जुळले पाहिजेत हा हट्ट कशासाठी?

पूर यायच्या आत हे मार्गी लावायचंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ ला धोका. त्या दिवसांत मसुदा तीन टेबलं फिरवायला वेळ नसतो. असलं काम केलेले कुणी आहेत का इथे? तुमच्याकडे कसं चालतं?

गंगावेशकर

ताई, पयला प्रश्न. पाइपचा व्यास आमाला कशाला सांगतायसा? आमी काय पाइपात शिरणार हाय?

चेष्टा सोडा. पुरात रिक्षा फिरते न्हवं भोंगा लावून, तिचं कुणी तरी बघा. रिक्षा गल्लीच्या तोंडातनं जाईस्तोवर 'समस्त नागरिकांना याद्वारे आवाहन करण्यात येते की' एवढंच ऐकू येतं. पुढचं काय करायचं ते पुढच्या गल्लीला ऐकू जातं. २०१९ ला शेजारच्या म्हाताऱ्याला मीच जाऊन सांगितलं, बाबा ऊठ, पाणी येतंय.

शाईपेन

गंगावेशकर, हे लिहूनच घेतलं. रिक्षाचा मजकूर आजवर प्रेसनोटवरूनच वाचला जातो हे खरं आहे. ऐकण्यासाठी म्हणून तो वेगळा कुणी लिहीत नाही.

जुना टायपिस्ट

शाईपेनताई, मी नगरपालिकेतून निवृत्त. तुमच्या जिल्ह्यातली नाही, पण कारभार सगळीकडे सारखाच.

एक दुरुस्ती सुचवतो. इंग्रजी आधी, हा क्रम जुना नाही. आमच्या वेळी नस्ती, म्हणजे कामकाजाची फाईल, मराठीतच चालायची. राजभाषा अधिनियम १९६४ चा, भाषा संचालनालय त्याच्याही आधीचं, १९६० चं. पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश टेबलावर असायचे आणि साहेब अडले की आम्हाला विचारायचे. नगरपालिकेतली इंग्रजी माझ्या डोळ्यांदेखत वाढली ती केंद्राच्या योजनांबरोबर. योजना आली की सल्लागार आला, सल्लागार आला की डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) आला, आणि डीपीआर इंग्रजीत. पाणी, सांडपाणी, घनकचरा या खात्यांची भाषा तिथून बदलली. घरफाळा (मालमत्ता कर), जन्ममृत्यू नोंदणी, आस्थापना ही खाती आजही मराठीतच विचार करतात. तुमच्याकडे पाहा, पटेल.

म्हणून तुमचं भांडण उपायुक्तांशी नाही. अभियंत्याची टिपणी मराठीत आली की पुढचं आपोआप मराठीत जातं. एकदा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. बोलताना ते झकास मराठीत सांगतात, "तिथं जॉइंट गेलाय, खणावं लागंल, दीड दिवस धरा." लिहायला बसले की त्यांचं इंग्रजी होतं. ते बोलतात तेच लिहून घ्या.

आणि जुनी फाईल कधी उघडावी लागली तर आधी फाँट बघा. युनिकोडच्या आधीचा मजकूर ज्या त्या कंपनीच्या फाँटात बांधलेला आहे. फाँट नसेल तर पडद्यावर नुसता भुसा. कितीतरी जाहीर नोटिसा अशा वाया गेलेल्या मी पाहिल्यात, कागदावर आहेत पण शोधता येत नाहीत.

शुद्धलेखक

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. इंग्रजी हवीच कशाला? १९६४ चा कायदा होता, त्यातून स्थानिक संस्था पळवाट काढत होत्या म्हणून महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ आला. केंद्राशी पत्रव्यवहार वगैरे मोजके अपवाद सोडले तर मराठी अनिवार्य. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. आणि कोल्हापूरच्या कार्यालयात आधी इंग्रजी मसुदा! शाहू महाराजांच्या गावात हे चालतं याची लाज वाटते.

वकीलसाहेब बिंदू चौक

शुद्धलेखक, लाज नंतर वाटून घेऊ. इंग्रजी कशाला, याचं उत्तर भाऊसिंगजी रोडवर आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालंय, सहा जिल्ह्यांसाठी. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, राज्यघटनेचा अनुच्छेद ३४८. महापालिकेविरुद्ध रिट याचिका झाली की मराठी नस्ती, मराठी नोटीस, मराठी पंचनामा या सगळ्याचं भाषांतर जोडावं लागतं, प्रतिज्ञापत्र इंग्रजीत. पूर्वी ते मुंबईला जायचं आणि तिकडे कुणीतरी करायचं. आता इथेच करायचं आहे आणि चांगले भाषांतरकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

शाईपेन, यात तुमच्या कामाचा मुद्दा असा. सूचना दोन भाषांत निघाली आणि दोन्हींत फरक राहिला तर वकील तो फरकच पकडतो. मराठीत 'पंधरा दिवसांत हरकती' आणि इंग्रजीत 'पंधरा दिवसांनंतर' असं झालं तर सुनावणी तिथेच संपली म्हणायची. त्यामुळे ओळीला ओळ जुळवू नका हे तुमचं म्हणणं पाणीकपातीला चालेल, विकास योजनेच्या फेरबदलाच्या नोटिशीला अजिबात नाही. एमआरटीपी (प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याखालची किंवा बांधकाम पाडण्याची नोटीस असेल तर शब्दाला शब्द जुळलाच पाहिजे. आणि तळाशी एक ओळ टाका : मतभेद झाल्यास मराठी मजकूर ग्राह्य. ती ओळ मात्र विधी विभागाकडून मंजूर करून घ्या, स्वतःच्या मनाने टाकू नका.

शाईपेन

वकीलसाहेब, मान्य. म्हणजे दोन ढीग करायला हवेत. ज्याने कुणाचा हक्क किंवा मुदत ठरते ते एका ढिगात, तिथे दोन्ही मजकूर जुळलेले हवेत. बाकीची माहिती दुसऱ्या ढिगात, तिथे वाचक बघून लिहायचं. आमच्याकडे दोन्ही एकाच साच्यातून निघतात, म्हणून नोटीस सैल होते आणि पाण्याची सूचना नोटिशीसारखी ताठ.

शुद्धलेखक, कायदा आपल्याच बाजूने आहे, म्हणून तर म्हणते की मराठी मसुद्यावर सही घ्या. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(४) सुद्धा हेच सांगतं : माहिती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारा मार्ग यांचा विचार करा. साहेबांना २०२२ चा कायदा दाखवला तर ते सावध होतात. ४(४) दाखवलं तर ऐकतात. का ते कळत नाही.

निपाणीकरीण

मी थोडं वेगळं बोलते. माझं माहेर निपाणीजवळ, सासर कोल्हापुरात. सीपीआर रुग्णालयाच्या आवारात एकदा उभं राहून ऐका, चिकोडी-रायबागकडचे लोक कन्नडमध्ये एकमेकांना विचारत असतात की केसपेपर कुठे. अंबाबाईला येणाऱ्यांत कर्नाटक-आंध्रची माणसं किती! त्यांना ना मराठी पाटी वाचता येते ना इंग्रजी. तुमच्या 'दोन भाषा' कुठल्या हे कुणी ठरवलं?

सीमाभागी

निपाणीताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तिकडे बेळगावात मराठी पाटीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कर्नाटकानं २०२४ ला कायदा करून पाटीचा ६० टक्के भाग कन्नडचा केला. मराठी कागद मागितला तर मिळत नाही. आणि आम्ही इथे कन्नड पाट्या लावायच्या?

निपाणीकरीण

दादा, मी पाटी लावा म्हटलंच नाही. आजारी माणसाला केसपेपरची खिडकी सापडावी एवढंच म्हटलं. बेळगावच्या भांडणात पेशंटचा काय संबंध? ते चुकीचं वागतात म्हणून आपणही वागायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

सीमाभागी

पेशंटचं मान्य. बाकीचं नाही.

वकीलसाहेब बिंदू चौक

कायद्यापुरतं सांगतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूत नाव होतं. ते काढा म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो, पण सोबत आणखी एखादी भाषा वापरायला मनाई करत नाही. म्हणजे मराठी ठेवून तिसरी भाषा जोडायला कायद्याची आडकाठी नाही. राजकारणाची असेल, तो माझा प्रांत नव्हे.

हायवेवाला

तिसऱ्या भाषेचं निघालंय तर सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद होती. ट्रकच्या रांगाच रांगा. ड्रायव्हर तमिळ, कानडी, राजस्थानी. आमच्या गावातली पोरं भाकरी-भाजी घेऊन जात होती. त्या लोकांचा प्रश्न एकच, रस्ता कवा सुरू होणार. मराठी प्रेसनोट त्यांच्या उपयोगाची नाही आणि इंग्रजी तर त्याहून नाही. तोडक्यामोडक्या हिंदीत हातवारे करून आम्हीच सांगत होतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींत बाहेरची किती माणसं आहेत बघा. त्यांना लागते हिंदी. इंग्रजी कोण वाचतं मग? माझा खरा प्रश्न आहे, टोमणा नाही.

शाईपेन

हायवेवाला, खरं उत्तर देते. आमची इंग्रजी वाचतात : दिल्लीतलं मंत्रालय, सर्वेक्षणाचे गुण देणारे, कर्ज देणाऱ्या बँका, ठेकेदार कंपन्या, इंग्रजी पेपरचे पुण्यात बसलेले वार्ताहर, कोर्ट, आणि परदेशातून घरावर लक्ष ठेवणारी आपलीच मुलं. यातल्या एकालाही उद्या पाणी येणार का हे नको असतं. (शेवटच्यांना असतं, आईबाबांसाठी.) पाणीकपातीची इंग्रजी सूचना दोन ओळींत आटपली तरी चालते, आणि अहवालाचं मराठी केलं नाही तरी कुणाचं अडत नाही. पण नियम म्हणून दोन्ही पूर्ण करायचं, म्हणून वेळ नको तिथे जातो आणि रिक्षाचा मजकूर तसाच राहतो.

कोड कोल्हापुरी

मेसेज पाठवणाऱ्या कंपनीत काम करतो, त्यामुळे एसएमएसबद्दल बोलतो. इथे भाषेचा थेट पैशांशी संबंध आहे.

इंग्रजी एसएमएसमध्ये एका मेसेजला १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की तोच मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा होते ७०. त्यापुढे गेलात की तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७. आणि अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजायचो ते नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'पंचगंगा' ही आपल्याला चार अक्षरं वाटतात, मशीनला सात. दीडशे अक्षरांचा मजकूर इंग्रजीत एका मेसेजच्या पैशांत जातो, मराठीत तीन मेसेजच्या. म्हणून कार्यालयं इंग्रजीत पाठवतात किंवा रोमन लिपीतलं मराठी, जे आजीला वाचता येत नाही.

दुसरं म्हणजे ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. पूर आल्यावर बसून नवा साचा लिहीन म्हटलं तर मंजुरी येईपर्यंत पाणी ओसरेल. मेमध्येच दोन्ही भाषांतले साचे नोंदवून ठेवा, आकडा आणि जागा बदलत्या ठेवा.

तिसरं, फोन नंबर देवनागरी अंकांत देऊ नका. बऱ्याच फोनवर तो दाबून कॉल लागत नाही. शुद्धलेखक, चिडू नका.

चौथं, पोस्ट म्हणून लेटरहेडचा फोटो टाकणं बंद करा. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर फोटोतलं वाचत नाही आणि गल्लीच्या ग्रुपवर मजकूर कॉपीही होत नाही.

शुद्धलेखक

चिडलो नाही. नंबरचं पटलं. बाकी आकडे मात्र देवनागरीतच हवेत.

जुना टायपिस्ट

कोड कोल्हापुरी, उत्तम माहिती. आकड्यांवरून आठवलं. धरणाची पातळी आणि केंद्राकडची नदीपातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये येते, आपण बोलतो फूट-इंचांत. इंग्रजी मजकुरात मीटर आणि मराठीत फूट असं कधीही एकत्र टाकू नका, लोक दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून घाबरतात. विसर्गाचंही तेच. 'इतके क्युसेक सोडले' याने सामान्य माणसाला काही कळत नाही. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले हे सांगितलं की शहर पुढचं स्वतः ओळखतं.

गंगावेशकर

बरोब्बर काका. आमाला फूट बी नको खरं तर. व्हीनस कॉर्नरला आलं का, जामदार क्लबला आलं का, एवढं सांगा. २०१९ ला कुठपर्यंत आल्तं ते पोराठोराला पाठ हाय.

नवखी_उमेदवार

शाईपेनताई, मी पत्रकारितेची पदवी घेतेय, अशा कामात यायचंय. काय तयारी करू? इंग्रजी बरी आहे.

शाईपेन

नवखी, इंग्रजी बरी असेल तर तिची काळजी सोड. मराठी टायपिंगची परीक्षा दे आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिक, मोबाइलवर अंगठ्याने लिहिण्यावर कार्यालयात भागत नाही. टिपणी, शेरा, आवक-जावक हे काय असतं ते बघून घे. आणि नागरी सुविधा केंद्रात रांगेत उभी राहा. घरफाळ्याचं बिल हातात घेऊन लोक खिडकीवर काय विचारतात ते ऐक. त्या प्रश्नांची उत्तरं बिलावरच छापलेली असतात, फक्त कुणाला सापडत नाहीत. आणखी एक, पेठांची आणि रस्त्यांची इंग्रजी स्पेलिंगं ठरवलेली यादी स्वतःची बनव. भाऊसिंगजी रोडचं स्पेलिंग एकाच फाईलीत तीन प्रकारे बघितलंय. हे काम कुणी सांगत नाही आणि रोज लागतं.

मानधनाबद्दल इथे बोलत नाही. वेळेवर येतं असं समज.

कोड कोल्हापुरी

हे घ्या, ७० मध्ये बसवून दाखवतो. नमुना आहे, कुणी पुढे पाठवू नका :

पंचगंगा ३९ फुटांवर. सुतारवाडा: सामान हलवा. निवारा चित्रदुर्ग मठ. -मनपा

मोजा. बरोबर सत्तर.

गंगावेशकर

लई भारी! ही रिक्षावरनं बी चालंल. तीनदा म्हणायचं फक्त.

वकीलसाहेब बिंदू चौक

'सामान हलवा' म्हणजे माणसांनी थांबायचं का? 'घर सोडा' हा आदेश कधी द्यायचा ते ठरवून त्याचा साचा वेगळा करा. दोन्ही एकात नकोत.

जुना टायपिस्ट

'-मनपा' काढता येईल. पाठवणाऱ्याचं नाव मेसेजच्या वर दिसतंच. सहा अक्षरं मोकळी होतात.

शाईपेन

वकीलसाहेब, दोन साचे करते, ३९ चा वेगळा आणि ४३ चा वेगळा. '-मनपा' काढते. हे सोमवारी मराठीतच मंजुरीला ठेवते. इंग्रजी जोडा म्हणाले तर १६० अक्षरं आहेतच, आणि हायवेसाठी हिंदीचा एक साचा मीच सुचवते. कोड, वस्तीगणिक वेगळा साचा नोंदवायचा का?

कोड कोल्हापुरी

नको. आकडा, वस्ती आणि निवारा या तीन जागा बदलत्या ठेवा, बाकी कायम. आणि मोजताना सगळ्यांत लांब नाव धरून मोजा. सुतारवाड्याला बसलं म्हणून शाहूपुरी कुंभार गल्लीला बसेल असं नाही.